हायनानमध्ये निवृत्ती: समुद्राआधी व्हिसा

चीनच्या दक्षिणेला असलेल्या हायनान बेटावर निवृत्त होण्याचा विचार करणाऱ्या परदेशी माणसाला समुद्र आधी दिसतो, पण तिथलं रोजचं जगणं ठरतं ते व्हिसावर. चीनमध्ये निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही. 2018 साली 59 देशांच्या नागरिकांना बेटावर 30 दिवस व्हिसाशिवाय राहण्याची सवलत मिळाली. त्या यादीत भारत नव्हता. तीस दिवसांत सहल होते, संसार नाही. दीर्घकाळ राहायला भक्कम आधार मिळतो तो चिनी जोडीदाराचा किंवा तिथल्या जवळच्या नातलगांचा.

यावर कुणी म्हणेल, ईशान्य चीनमधले असंख्य वृद्ध थंडी टाळायला दर हिवाळ्यात बेटावरच्या सान्या शहरात येतातच की! येतात, आणि का येऊ नयेत? सान्या साधारण पुण्याच्याच अक्षांशावर आहे. पण ते स्वतःच्या देशात असतात, डॉक्टरशी स्वतःच्या भाषेत बोलतात. परदेशी माणसाला घर बदललं तरी 24 तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. भाजीसुद्धा मोबाइलवरून पैसे देऊन घेतात. त्यासाठीची अलीपे, वीचॅट ही अ‍ॅप आता परदेशी कार्ड घेतात, हा मोठाच दिलासा. 2015 पासून वेगवान रेल्वे बेटाला पूर्ण वळसा घालते, त्यामुळे गाडीवाचून अडत नाही. वादळांचा धोका मात्र खरा आहे: सप्टेंबर 2024 मध्ये यागी वादळ बेटावरच्या वेनचांगला धडकलं.

म्हणून घर विकत घेण्याआधी व्हिसा आणि आरोग्य विमा पक्का करा.