कुलूपबंद अंगणातली रातफुलं

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत घरांना कुलपं लागायला लागतात. ऊसतोडीची आगाऊ उचल घेतलेली असते, मुकादमाचा निरोप आलेला असतो आणि ट्रॅक्टरमधून कोयते साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी पार कर्नाटकात. परत यायचं ते पाडव्याच्या आगेमागे. मागे राहिलीच तर म्हातारी माणसं, आणि त्यांनी उन्हाळ्यात हंडाभर पाणी आणायचं ते प्यायला, मोगऱ्याला घालायला नव्हे.

बागकामाची बहुतेक पुस्तकं हे अंगण डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलीच नसतात. त्यांना रोज सकाळी झारी धरणारं माणूस हवं असतं. तरीही धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या बाजूच्या वस्त्यांवर श्रावणात फिरून बघा. कुणी पेरलेली नाही, कुणी पाणी घातलेलं नाही, अशी गुलबाक्षी भिंतीच्या कडेनं दाटलेली दिसते. वर्षातले पाच-सहा महिने घर बंद राहणार असेल, तर आपलं बी आपणच सांडून आपणच उगवणारी झाडं लावावीत, असं माझं मत आहे. आणि त्यातही संध्याकाळी उमलणारी. दिवस शेतात गेल्यावर अंगणात टेकायला मिळतं ते दिवेलागणीलाच. दुपारी उमलून सुकलेल्या फुलांचा तिथं काय उपयोग?

गुलबाक्षी मुळात दक्षिण-मध्य अमेरिकेतली. शास्त्रीय नाव मिराबिलिस जलापा. आपल्याकडे ती इतकी मुरली आहे की परकी म्हणायला जीभ रेटत नाही. दुपारी चार-पाचनंतर ती उमलायला लागते आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापलं की मिटते. आभाळ भरून आलेलं असेल तर सकाळी जरा जास्त वेळ थांबते. जवळून पाहिलं तर एक गंमत दिसेल. ज्याला आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नाहीतच. तो रंगीत निदलपुंज आहे, खाली लांब नळी झालेला. तळाशी जी हिरवी वाटी दिसते ती छदांची. त्या वाटीत पुढे एकच बी धरतं. हिरवं, मग काळं, खरबरीत, अगदी मिऱ्यासारखं. हे साम्य धोक्याचंही आहे. बी आणि मूळ दोन्ही विषारी आहेत, त्यामुळे वाळवलेलं बी स्वयंपाकघरात ठेवू नये.

लांब नळीच्या तळाशी मध असतो. तिथं साध्या माशीची सोंड पोचत नाही. येतो तो हॉक मॉथ कुळातला पतंग, फुलावर न बसता हवेत एका जागी थरथरत मध ओढणारा. त्यातल्या एका जातीची, अॅग्रिअस कॉन्व्हॉल्व्हुलीची, सोंड तिच्या अंगापेक्षा लांब असते. तिच्या अळ्या रताळ्याच्या वेलावर वाढतात. म्हणून वेलावर जाड, शेपटीला शिंग असलेली अळी दिसली की लगेच चिरडू नका. दोन-चार पानं गेली तरी चालतील. आणि ओट्यावरचा झगझगीत एलईडी रात्रभर जळत ठेवू नका. पतंग फुलं सोडून दिव्याभोवतीच फिरत बसतात.

पतंग आलाच नाही तरी गुलबाक्षीचं अडत नाही. फूल मिटताना पुंकेसर आणि स्त्रीकेसर वळत वळत एकमेकांना भिडतात आणि पराग जागच्या जागी पोचतो. एकटं झाडही बी धरतं ते त्यामुळे. याचा तुम्हाला फायदा करून घेता येतो. एखादा रंग फार आवडला असेल तर त्या फांदीवरच्या न उमललेल्या कळ्यांना दुपारीच मलमलीची सैल पिशवी बांधा. दोन-तीन दिवसांनी पिशवी काढून खुणेचा दोरा बांधा आणि तेच बी वेगळं राखा. बाहेरचा पराग लागत नाही.

तसं केलं नाही तर पुढच्या वर्षी रंगांची सरमिसळ ठरलेली. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी नेमकी हीच सरमिसळ तपासली. 1900 साली मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम नव्यानं उजेडात आणणाऱ्यांपैकी ते एक. लाल आणि पांढऱ्या गुलबाक्षीचा संकर केला तर झाडं गुलाबी निघतात, आणि त्या गुलाबी झाडांच्या बियांतून साधारण चारात एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं. बारावीच्या जीवशास्त्रात हेच उदाहरण शिकवतात. पुढं 1909 मध्ये त्यांनी पानांवरच्या हिरव्या-पांढऱ्या चट्ट्यांचाही छडा लावला. तो गुण फक्त आईच्या बाजूनं उतरतो, परागातून नाही. बीडच्या मुलानं हा प्रयोग अंगणात करायला काय हरकत आहे? सामान शून्य पैशांचं.

आता ओळखण्याचं. मृगाच्या पावसानंतर अंगणात जे हिरवं वर येतं त्यात तण किती आणि फूल किती, हे कळलं नाही तर खुरप्यानं सगळंच जातं. गुलबाक्षीची पहिली दोन पानं रुंद, मांसल, जवळजवळ मूत्रपिंडाच्या आकाराची असतात. पुढची पानं समोरासमोर, टोकदार बदामी, आणि खोडाची पेरं सुजल्यासारखी फुगीर. तिचीच नातलग पुनर्नवा मात्र जमिनीला पसरते आणि तिची पानं लहान, त्या जोडीतही एक मोठं नि एक छोटं असतं. चार पानं आली की दाटी मोडा आणि हातभर अंतरानं एकेक रोप राखा.

काळ्या मातीत एकच भीती, पाणी साचण्याची. गुलबाक्षीला मुळ्यासारखा जाड कंद असतो. थंडीत झाड वाळून गेलं तरी तो जमिनीत जिवंत राहतो आणि पावसाला पुन्हा फुटतो. पण चिखलात तोच कुजतो. म्हणून भिंतीलगत थोडा उंच वरंबा करा, त्यात मुरूम आणि शेणखत मिसळा. जिल्ह्यात वर्षाकाठी साडेसहाशे-पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. आष्टी-पाटोद्याकडे कमी, अंबाजोगाई-परळीकडे जास्त. एवढ्यात तिचं भागतं.

धोत्र्याचं मात्र वेगळं. परळीला वैजनाथ आहे, श्रावणी सोमवारी धोत्र्याची फुलं-फळं महादेवाला लागतात, त्यामुळे तो उपटून टाकायला कुणाचं मन होत नाही. कर्ण्यासारखं वर तोंड केलेलं, पांढरं किंवा जांभळट फूल तिन्हीसांजेला उलगडतं. मग काटेरी गोल फळ, ते फुटलं की चपट्या बियांचा सडा. बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि मनाला येईल तेव्हा उगवतं. झाडाचा प्रत्येक भाग विषारी. पोटात गेला तर तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळायला लागतो. अशा वेळी घरगुती उपायात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा. घरात लहान मूल किंवा दावणीला जनावर असेल तर धोत्रा कुंपणाबाहेर बरा. फळं उकलण्याआधी काढली की पसारा आटोक्यात राहतो.

ब्रह्मकमळाचं कौतुक मी इथं करणार नाही. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर ते पुरेसं होतं, आणि ते पान लावून येतं, बी सांडून नव्हे. रातराणीलाही फांदीच लावतात. प्राजक्ताखाली मात्र दर पावसाळ्यात पिलं उगवतात. पान चुरून नको, नुसतं बोट फिरवून बघा. पॉलिश कागदासारखं खरखरीत लागलं की ओळखायचं.

खरी रातफुलं तर परसात भाजी म्हणून उभी असतात. दुधी भोपळ्याचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मलूल होतं. पडवळाचं झालरीचं फूलही रात्रीचंच. दोडका आणि गिलकं दोन्ही पिवळी, पण दोडका सायंकाळी फुलतो नि गिलकं पहाटे. फळ धरण्याआधी वेल ओळखायची ही सोपी खूण. दुधीची कोवळी फळं पिवळी पडून गळत असतील तर बहुतेक वेळा परागच पोचलेला नसतो. अंधार पडल्यावर नर फूल तोडून मादी फुलात, म्हणजे देठाशी बारकं फळ असलेल्या फुलात, हलकेच फिरवा. सकाळी केलं तर उशीर झालेला असतो. एक दुधी वेलावरच जून होऊ दिला तर पुढचं बियाणं घरचं.

दसऱ्याच्या सुमाराला गुलबाक्षीचं बी काळं पडून बोट लागताच गळत असतं. निम्मं जिथं पडेल तिथं राहू द्या, ते मृगाला आपलं आपण उगवेल. उरलेलं सावलीत सुकवून कापडी पुरचुंडीत बांधा, वर रंग लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी टांगा. फडावर निघालेल्यांनी बरोबर नेऊ नये, घरीच ठेवावं. जूनमध्ये रात्रभर पाण्यात भिजवून बोटाच्या एका पेराइतकं खोल टोचलं की आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात आणि साधारण दोन महिन्यांत, पोळ्याच्या सुमाराला, फुलं.