हार्टबीट थांबला म्हणजे सर्व्हर मेला?

‘हार्टबीट थांबला, पलीकडचा सर्व्हर गेला, आता ताबा आपण घ्यायचा.’ आयटीच्या बैठकांत हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की समोरच्याला शंका विचारायचाही संकोच वाटावा. पण हे चूक आहे.

हार्टबीट म्हणजे ‘मी आहे’ एवढाच निरोप. विंडोज सर्व्हर 2016 च्या क्लस्टरमध्ये (एकमेकांचं काम सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या गटात) मूळ सेटिंगनुसार तो दर सेकंदाला जातो. वेगळ्या सबनेटमधल्या सर्व्हरचे सलग 20 निरोप चुकले की तो गेला असं धरतात. नुसतं धरतात! सर्व्हर बंद पडला की मधली लाइन तुटली, हे त्या शांततेतून कळूच शकत नाही. फोन लागत नाही म्हणून कोणी तेराव्याची तयारी करतं का?

सर्व्हर ठेवलेल्या दोन्ही जागा शाबूत असताना, फक्त लाइन तुटल्यामुळे दोघींनी स्वतःला मुख्य मानलं, की एकाच खात्यात दोन ठिकाणी वेगळ्या नोंदी पडतात. हाच स्प्लिट ब्रेन. म्हणून तिसऱ्या, स्वतंत्र ठिकाणी विटनेस, म्हणजे निर्णायक मत देणारा साक्षीदार, लागतो. (दोनपैकीच एका इमारतीत ठेवलेला विटनेस त्या इमारतीबरोबरच जातो.) बहुमत असलेल्या बाजूनं चालायचं, दुसरीनं थांबायचं; आणि ती थांबलीच आहे याची खात्री म्हणजे फेन्सिंग: तिची वीज तोडा किंवा स्टोरेजवरचा हक्क काढा.

टाइमआउट, म्हणजे सर्व्हर गेला असं धरण्याआधी थांबायचा वेळ, जितका कमी तितका बरा, हाही हट्ट असतो. 21 ऑक्टोबर 2018 ला गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या पूर्व अमेरिकेतल्या डेटा सेंटरचा संपर्क 43 सेकंद तुटला. प्रणालीनं बहुमतानं, नियमानुसारच, पश्चिमेकडच्या डेटा सेंटरला लगेच ताबा दिला. पण दोन्हीकडे अशा नोंदी उरल्या ज्या दुसरीकडे नव्हत्या. सेवा सुरळीत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली.

‘दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लाइनी आहेत, काळजी नाही.’ 24 फेब्रुवारी 2021 ला मुंबईत एनएसई या शेअर बाजाराचे व्यवहार 11:40 ला थांबले, ते 3:45 ला सुरू झाले. एनएसईच्याच निवेदनानुसार मुख्य आणि जवळच्या डीआर (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे आपत्तीत काम चालवायच्या पर्यायी) साइटमधल्या दोन्ही कंपन्यांच्या लाइनी डळमळल्या, मुख्यतः रस्त्यावरच्या खोदकामामुळे. लाइन गेली तरी चालू राहायला हवं होतं ते मुख्य स्टोरेजच सर्व्हरना मिळेनासं झालं.

‘रेप्लिकेशन आहे, बॅकअप कशाला?’ रेप्लिकेशन म्हणजे इथला प्रत्येक बदल दुसऱ्या जागीही उतरवणं; त्यामुळे इथे चुकून पुसलेलं तिथेही तत्परतेनं पुसलं जातं.

‘डीआर आहे ना, गरज पडली की चालेल.’ न चालवता कसं कळणार? 2 मार्च 2024 च्या शनिवारी एनएसई आणि बीएसई या दोन्ही शेअर बाजारांनी खरे व्यवहार चालवूनच ते तपासलं: 9:15 ते 10 मुख्य जागेवरून, 11:30 ते 12:30 डीआरवरून.