कैद्याचा शब्द कोण मानतो?

अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ला म्हटला की आमच्या राहुरीकरांना १९४२ चे नेहरू आठवतात. पण १९०१ च्या सुमारास इंग्रजांनी आफ्रिकेतून पकडून आणलेले बोअर सैनिकही अहमदनगरातच डांबले होते, हे फारसे कुणी सांगत नाही.

युद्धकैद्याला सुटकेचा एक जुना मार्ग असे. पुन्हा शस्त्र धरणार नाही, असे वचन द्यायचे आणि घरी जायचे. यालाच पॅरोल म्हणत. फ्रेंच भाषेत पॅरोल म्हणजे दिलेला शब्द!

अमेरिकेत हे नियम लेखी बांधले ते एका प्राध्यापकाने. फ्रान्सिस लीबर १८३५ ते १८५६ साउथ कॅरोलायनात शिकवत होते. तिथे त्यांनी स्वतः गुलामही बाळगले होते, हे लपवायचे कारण नाही. पुढे ते कोलंबियात आले. १८६१ ला यादवी युद्ध पेटले आणि ज्या प्रांतातली पोरे वीस वर्षे शिकवली तोच प्रांत शत्रू झाला. त्यांचा एक मुलगा दक्षिणेकडून लढताना १८६२ मध्ये मेला, दोघे उत्तरेकडे होते. अशा युद्धात पकडलेला गोरा तरुण पॅरोलसाठी जुन्या गुरुजींना पत्र लिहू शकत होता. ओळख होती, अक्षर होते.

काळ्या सैनिकाने कुणाला लिहायचे? गुलामाला वाचायला शिकवणे हा साउथ कॅरोलायनात १८३४ पासून गुन्हा होता. त्याला मास्तरच नव्हता!

लीबर यांच्या १८६३ च्या संहितेतील कलम ५७ व ५८ सांगतात की गणवेशातला सैनिक हा सैनिक, रंग पाहायचा नाही. दक्षिणेने ते मानले नाही. पळालेला गुलाम ही मालकाची मालमत्ता, ती कैदी म्हणून परत कशी द्यायची? मुख्यतः याच मुद्द्यावर कैद्यांची अदलाबदल मोडली. ऑक्टोबर १८६४ मध्ये ग्रँटने लीला विचारले, काळ्यांनाही गोऱ्यांसारखेच सोडणार का? लीने गुलामांबाबत नकार दिला आणि बोलणी संपली. त्याची किंमत गोऱ्यांनीही मोजली. एकट्या अँडरसनव्हिलच्या तुरुंगात सुमारे १३,००० उत्तरेचे कैदी मेले.

गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या अमेरिकनांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली. लीबर यांच्या कोलंबियात १९१३ ला बाबासाहेब शिकायला गेले.

आता आमच्याकडे या. महाराष्ट्रात पॅरोल व फर्लो १९५९ च्या नियमांनी मिळते. तिथे कैद्याचा नुसता शब्द चालत नाही, जामीनदार लागतो. देशातल्या तुरुंगांत दलित-आदिवासींचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त, हे सरकारी अहवालच सांगतात. वस्तीवरची आई अर्ज घेऊन आमच्याकडे येते. आम्ही विचारतो, जामीनदार कोण? ती ऊसतोडीला गेलेल्या भावाचे नाव सांगते. त्याच्या नावावर ना घर, ना गुंठा. मग दुसरे नाव विचारतो. बहुतेक वेळा ते शाळेतल्या मास्तरांचे असते.