फौजदारी खटला कोणत्या कोर्टात?

फौजदारी खटला कोणत्या न्यायालयात चालणार, हे गुन्ह्याच्या कलमावरून ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत सहा रकान्यांचा लांबलचक तक्ता आहे. त्याचा शेवटचा रकाना न्यायालयाचा.

सामान्य माणसाचा संबंध येतो तो बहुधा तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांशी, म्हणजे वकिलांच्या तोंडी असलेल्या ‘जेएमएफसी’शी. मारहाण, चोरी, फसवणूक असे खटले इथेच चालतात. या न्यायालयाला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा सामुदायिक सेवेची शिक्षा देता येते. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांची मर्यादा सात वर्षांची, द्वितीय वर्गाची एका वर्षाची. महानगर दंडाधिकारी हा वर्ग नव्या संहितेत उरलेला नाही.

गुन्ह्याची शिक्षा आणि न्यायालयाचा अधिकार यांचा मेळ मात्र दर वेळी बसत नाही. फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरी खटला प्रथमवर्ग न्यायालयात चालतो. लोकसेवकाने केलेल्या अपहाराला तर जन्मठेपही होऊ शकते, पण रकान्यात नाव प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांचेच. आरोपी दोषी आहे, पण तीन वर्षे अपुरी आहेत, असे त्यांना वाटले, तर ते आपले मत नोंदवून प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. ही तरतूद फार मोलाची आहे. तिच्यामुळे लहान कोर्टापुढचा मोठा गुन्हा हलक्या शिक्षेवर सुटत नाही.

खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार, दरोडा हे सत्र न्यायालयाचे गुन्हे. तरीही खुनातला आरोपी अटकेनंतर, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढेच उभा केला जातो. पोलीस कोठडी तेच देतात. दोषारोपपत्र आले की त्याच्या प्रती आरोपीला देऊन ते प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग करतात. वकील याला ‘कमिट होणे’ म्हणतात. पोक्सोसारख्या कायद्यांखालचे खटले मात्र थेट विशेष न्यायालयात दाखल होतात.

सत्र न्यायाधीश कायद्यातली कोणतीही शिक्षा देऊ शकतात. फाशी मात्र उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही, तरी कागदपत्रे तिकडे जातात आणि किमान दोन न्यायमूर्ती पुरावा नव्याने तपासतात. सत्र न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या माणसाला उच्च न्यायालयाने फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक कैद सुनावली, तर सर्वोच्च न्यायालयात अपील करणे हा त्याचा हक्क आहे.