लक्ष्मीबाईंचं पंढरपूर (श्रद्धेच्या वाटा : भाग ६)

ख्रिस्ती पश्चात्ताप समजून घ्यायला यरुशलेमपर्यंत जायची गरज नाही, पंढरपूर पुरे आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळलं. पुढच्या ताटातुटीतला काही काळ त्यांनी पंढरपुरात बहिणीच्या घरी काढला. कुंकू कपाळावर, नवरा हयात, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही! वारकऱ्यांच्या गावात, माणसांच्या गर्दीत त्या अशा अधांतरी राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात या दिवसांबद्दल लिहितानाही त्यांचा विनोद सुटत नाही.

ख्रिस्ती पश्चात्ताप म्हणजे नुसतं हळहळणं नव्हे. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार आहे. येशू त्याच्या घरी उतरतो आणि हा गृहस्थ रडत बसत नाही, थेट हिशेबाला लागतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. खिशाला चाट बसल्याशिवाय पश्चात्ताप खरा मानू नये, असं माझं मत या गोष्टीनेच झालं आहे. त्याच शुभवर्तमानातला उधळ्या पुत्र घरी परततो तेव्हा बाप धावत सामोरा जातो, पण थोरला भाऊ दाराबाहेर रुसून उभा राहतो. कीर्तनात, प्रवचनात बाप सगळ्यांना आठवतो. मला वाटतं, गोष्टीची खरी अडचण थोरल्याजवळ आहे. चुकलेला माणूस परततो, पण त्याला पंगतीत घेणार कोण?

टिळकांची वाट आगगाडीत सुरू झाली. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले. मात्र शरण जाणं ही गोष्ट त्यांना परकी नव्हती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते स्वतः सांगत. वारकरी माळ घालतो, मद्यमांस सोडतो आणि दिंडीत चालू लागतो. एकट्याने नेम मोडला तर कुणाला कळणारही नाही, दिंडीत मात्र विणेकरी असतो, टाळकरी असतात, पाय दुखले तर पिशवी घेणारा असतो. चर्चमध्ये ज्याला मंडळी म्हणतात, तिचंही काम हेच: पडणाऱ्याला धरायचं आणि घसरणाऱ्याला तोंडावर सांगायचं. दुसरं काम बहुतेकांना जमत नाही.

टिळकांना नवी मंडळी मिळाली, लक्ष्मीबाईंची जुनी सुटायच्या बेताला आली होती आणि नवी नको होती. त्यांचं वळण म्हणूनच संथ. नवऱ्याकडे परतल्यावरही सोवळं तसंच राहिलं, वेगळी चूल, वेगळं पाणी. मग एकेक बंधन गळत गेलं. त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो कुणी वादात हरवलं म्हणून नव्हे. त्याच सुमाराच्या दुष्काळातली पोरकी मुलं त्यांनी पोटाशी धरली. जक्कयाच्या चौपटीचा हिशेब त्यांनी असा चुकता केला, असं म्हणायला हरकत नाही.

मिशनच्या घडणीतल्या चर्चमध्ये टिळकांचा जीव शेवटी रमेना. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, भगवी वस्त्रं घेतली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा होती. थोरल्या भावाला आत बोलावण्याचा इतका धीट प्रयत्न मराठी चर्चने त्याआधी केलेला नव्हता. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

पुढच्या भागात केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात जाऊ. तोवर ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर मिळवून वाचा, पंढरपूरची पानं तर नक्कीच.