सागरतळींचा कचरा आणि घरचें निर्माल्य

नगर जिल्ह्यास समुद्रकिनारा नाहीं. तेव्हां सागराच्या तळाशीं सांचणाऱ्या कचऱ्याची चिंता आपण कशास वाहावी, असें कोणासहि वाटेल. पण नद्यांचा मार्ग पाहिला म्हणजे ही शंका उरत नाहीं. रतनगडाच्या परिसरांत उगम पावणारी प्रवरा, अरबी समुद्र जवळ असूनहि, त्याकडे पाठ फिरवून पूर्वेस वळते, प्रवरासंगम येथें गोदावरीस मिळते व गोदावरी पुढें आंध्रांत बंगालच्या उपसागरास जाते. नगर शहराजवळून वाहणाऱ्या सीनेचें पाणीहि भीमा व कृष्णा यांच्या द्वारें तेथेंच पोंचतें.

या तळाची पाहणी कशी करितात? उथळ पाण्यांत ठराविक अंतर जाळें ओढून, त्यांत सांपडलेल्या वस्तू निवडून मोजतात. खोल पाण्यांत दिवे व कॅमेरे बसविलेलीं यानें सोडतात आणि दिसलेल्या प्रत्येक वस्तूचें स्थळ, खोली व प्रकार नोंदवितात. त्याच जागीं पुन:पुन्हां गेल्यानें कचरा वाढतो कीं घटतो, हें कळतें. जपानच्या सागरी संशोधन संस्थेनें १९८३ पासूनच्या अशा ५०१० बुड्यांच्या नोंदी तपासल्या. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत मानवनिर्मित अशा ३४२५ वस्तू आढळल्या. त्यांपैकीं एक-तृतीयांशाहून अधिक प्लॅस्टिकच्या होत्या व त्यांतील शेंकडा ८९ एकदां वापरून फेंकावयाच्या. पॅसिफिक महासागरांतील मारियाना गर्तेंत १०,८९८ मीटर खोलीवरहि एक पिशवी दिसली!

पाण्याहून हलकी पिशवी बुडते कशी? तिजवर शेवाळ व बारीक जीव वाढतात, गाळ बसतो आणि त्या भारानें ती खालीं जाते. तेथें सूर्यप्रकाश नाहीं, लाटांचें घर्षण नाहीं; त्यामुळें ती दीर्घकाळ तशीच राहते. इतक्या खोलीवरील कचरा मोजतां येतो, उपसून काढणें मात्र जवळजवळ अशक्य आहे.

आपल्या नद्यांच्या वाटेंत धरणें आहेत, म्हणून प्रत्येक पिशवी समुद्र गांठतेच असें नाहीं. परंतु जायकवाडीस अडलेली पिशवी ज्या जलाशयांत राहते, त्याचेंच पाणी छत्रपती संभाजीनगरच्या घराघरांत पितात.

महाराष्ट्रांत २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांस बंदी आहे. तरीहि देवपूजेचीं फुलें अशाच पिशवींत बांधून, पुण्यकर्म समजून, संगमावर सोडणारीं सुशिक्षित कुटुंबें आजहि दिसतात. फुलें कुजून जातात, पिशवी राहते. निर्माल्य अंगणांतील खड्ड्यांत किंवा कुंडींत घातलें तर त्याचें खत होऊन तुळशीस उपयोगीं पडेल, आणि पूजेंत कांहींच न्यून राहणार नाहीं. घरांतील वडील मंडळींनीं एवढा नियम घालून दिल्यास मुलांस निराळा उपदेश करावा लागणार नाहीं.