रे वरून सा वर घसरणारा भोंगा

डॉप्लर इफेक्ट आपण सगळ्यांनी बारावीला घोकला, परीक्षेत मार्कांपुरता लिहिला आणि विसरलो. पण आकुर्डी स्टेशनवर न थांबणारी एखादी एक्सप्रेस भोंगा वाजवत धडधडत निघून जाते ना, तेव्हा जरा कान देऊन ऐका. बऱ्याच जणांची समजूत अशी, की गाडी जवळ येईल तसतसा सूर चढत जातो. व्हायवालाही हेच उत्तर हमखास येतं. खरं तर जवळ येताना आवाज मोठा होतो, सूर नाही. सूर लांबूनच चढलेला असतो आणि गाडी समोरून जाताना तो फक्त उतरतो.

आकडे घालून बघू. गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. २५ अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४६ मीटर. भोंगा ३७० हर्ट्झचा धरला, तर येताना तो सुमारे ३९३ आणि जाताना ३५० हर्ट्झ ऐकू येतो. गुणोत्तर १.१२. पेटी वाजवणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल, हे रे आणि सा यांच्यातलं अंतर झालं! डॉप्लरने सिद्धांत मांडला १८४२ साली. १८४५ मध्ये बॉइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने उट्रेख्तजवळ चक्क आगगाडीत कर्णेवाले बसवून आणि रुळाकडेला कानाचे पक्के वादक उभे करून तो तपासला.

आज तेवढं काम खिशातला मोबाईल करतो. शिवाय भोंग्याची मूळ वारंवारिता माहीत नसली तरी अडत नाही. येतानाच्या आणि जातानाच्या वारंवारितेची वजाबाकी करा, तिला त्यांच्या बेरजेने भागा आणि ध्वनीच्या वेगाने गुणा. ४३ भागिले ७४३ गुणिले ३४६, झाला २० मीटर! भोंग्यात दोन-तीन सूर असले तरी सगळे त्याच गुणोत्तराने घसरतात.

खरी कटकट एफएफटी करताना सुरू होते. एक सेकंदाचा तुकडा घेतला तर एक हर्ट्झपर्यंतचा फरक दिसायला हवा. पण रुळापासून १० मीटरवर उभे असाल, तर गाडी समोरून जाताना सूर सेकंदाला ४३ हर्ट्झ या दराने घसरत असतो. मग रेषेऐवजी नुसता फराटा दिसतो. ४,०९६ सॅम्पलचा छोटा तुकडा (४४,१०० च्या रेकॉर्डिंगमध्ये ९३ मिलिसेकंद) घेतला, तर फराटा जातो, पण वारंवारिता ११ हर्ट्झच्या ढोबळ पायऱ्यांनी कळते. म्हणून दोन टोकांना, जिथे सूर स्थिर असतो, तिथे लांब तुकडा घ्यायचा आणि मध्ये छोटा. (रेकॉर्डिंग प्लॅटफॉर्मवरूनच करा. रुळांवर उतरून नको!)

हीच कटकट आपल्या पट्ट्यातल्या वाहन उद्योगाच्या पाचवीला पुजलेली. वेताळ टेकडीवरच्या एआरएआयचं नाव तुम्हाला माहीत असेलच. १९६६ सालची ही संस्था, चाकणलाही तिचं केंद्र आहे. गाड्यांची पास-बाय नॉइज टेस्ट असते. २० मीटरचा पट्टा, मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर माइक, आणि गाडी मधून जाते. (रात्री एक वाजता हॉस्टेलमागे सायलेन्सर बदललेली गाडी उडवणाऱ्यांनी तिकडे न फिरकलेलं बरं.)

डेसिबल किती, एवढंच हवं असेल तर डॉप्लरची फारशी फिकीर नसते. पण जास्तीचा आवाज इंजिनाचा, गिअरचा की टायरचा, हे ठरवायचं तर स्पेक्ट्रम लागतो, आणि तो सरळसरळ खोटं बोलतो. समजा, चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ३,००० आरपीएमवर आहे, म्हणजे फायरिंग १०० हर्ट्झला. गाडी ताशी ५० ने पट्ट्यात शिरली तर माइकला इंजिन ३,१०० वर वाटतं, बाहेर पडताना २,९०० वर. इंजिन बिचारं जागचं हललेलं नाही!

उपाय असा, की गाडी प्रत्येक क्षणी कुठे होती याची नोंद ठेवायची. शिरताना ती माइकपासून साडेबारा मीटरवर असते, म्हणजे आवाज ३६ मिलिसेकंद उशिरा पोचतो, मधोमध २२. हा बदलता उशीर वजा करून सिग्नल पुन्हा सॅम्पल करायचा, म्हणजे गाडीत बसून ऐकल्यासारखा होतो. वेग स्थिर ठेवून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मग इंजिनाच्या आणि गिअरच्या रेषा सरळ, बारीक उठतात, टायरची घरघर मात्र पूर्वीसारखीच पसरट राहते, आणि दोष कुठल्या डिपार्टमेंटच्या माथी मारायचा हे ठरवता येतं.